मेघाविषयी बोलावलेली सभा

दादाजी चहांदे यांच्या घरात आजवर जे काही ठरलं ते सभा घेऊनच ठरलं. हुडकेश्वरचा प्लॉट घ्यावा की नाही यावर सभा झाली. गच्चीवरची टाकी कोणत्या कोपऱ्यात बसवावी यावर दोनदा झाली, आणि शेवटी मिस्त्रीने ती आपल्या सोयीच्या कोपऱ्यात बसवून टाकली. नातवाने, प्रीतमने, उमरेडच्या विणकर घरातली मेघा पसंत केली तेव्हाची सभा तर इतकी लांबली, की तोवर दोघं रजिस्ट्रार ऑफिसात सह्या करून, बर्डीच्या बाजारात आइस्क्रीम खाऊन घरी परतली होती. दादाजींनी मग त्याच सभेत अभिनंदनाचा ठराव मांडला. टपाल खात्याच्या युनियनमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला घर म्हणजे जरा लहान युनियनच वाटते, त्याला कोण काय करणार!

त्यामुळे मे महिन्यातल्या त्या रविवारी, ऊन अजून अंगणात पाय ठेवू देत नव्हतं तेव्हाच, समोरच्या खोलीत पुन्हा सतरंजी पडली याचं जयाबाईंना नवल वाटलं नाही. त्यांना राग आला होता तो वेगळाच. विषय त्यांच्या सुनेचा, आणि सभा मागितली होती त्यांच्या मुलाने. तीही थेट आजोबांकडे. आईला डावलून.

"विषय एकच," दादाजी कूलरच्या वर आवाज चढवत म्हणाले. "मेघाची तब्येत. बोल गा प्रीतम."

कूलर लोखंडी होता आणि जुना होता. त्याच्यापुढे साधं बोलायचं तरी भांडल्यासारखं बोलावं लागे. त्यामुळे उन्हाळाभर या घरात भांडण कुठे सुरू झालं आणि बोलणं कुठे संपलं हे कळत नसे.

प्रीतम बुटीबोरीच्या कापड कारखान्यात शिफ्ट सांभाळायचा. यंत्रांच्या आवाजात राहून त्याला न बोलण्याची सवय लागली होती. "मेघा ठीक नाही आहे," तो म्हणाला आणि थांबला.

एवढं पुरे होतं. मेघा कशी ठीक नाही हे सांगायला बाकीचे तयारच होते.

"जेवत नाही," जयाबाई म्हणाल्या. "परवा पोळीचे तुकडे करून ताटाच्या काठाला मांडून ठेवले. लहान पोरासारखे."

"झोपत नाही," दादाजी म्हणाले. "मी पहाटे उठतो तं ही बाल्कनीत उभी."

"मोबाइल असंन न हातात," मायाआत्या म्हणाली.

"नव्हता."

माया म्हणजे दादाजींची लेक, जयाबाईंची नणंद. मानेवाड्याहून स्कूटीवर यायची आणि येताना कुठल्यातरी वनस्पती पावडरचा डबा आणायची. गुडघे, केस, कर्ज आणि नवऱ्याचं दारू पिणं, सगळ्यावर तिच्याकडे डबा होता. आजचा डबा जांभळा होता आणि त्यावर एका हसऱ्या गर्भवतीचं चित्र होतं. घरातली खरी गर्भवती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. सहावा महिना होता.

"दूध उतू गेलं परवा," जयाबाईंनी पुढचा मुद्दा घेतला. "गेलं म्हणजे काय, ही समोर उभी राहून पाहात होती. पातेलं काळं झालं. लकडगंजच्या प्लायवूडवाल्याकडे ही पोरगी तोंडी हिशेब करायची, शेठ कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत उत्तर द्यायची. आता विचारलं की भाजीत मीठ घातलं का, तर माझ्याकडे पाहात बसते."

"आणि रडते," प्रीतम म्हणाला.

"बाई रडतेच या दिवसांत," मायाआत्या म्हणाली. "मी जाहिरात पाहून रडाची. टायरची जाहिरात होती."

ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या त्या सगळ्या खऱ्या होत्या. एकेकाने एकेक आणून सतरंजीवर ठेवली होती. पण सगळ्या एका माणसाच्या आहेत, एका वेळेच्या आहेत, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. प्रत्येकाला आपापल्या वस्तूचं कारण ठाऊक होतं, आणि तेवढ्यात प्रत्येकाचं समाधान होतं.

जयाबाईंचं कारण होतं शिस्त. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यानंतर एकटीने मुलगा वाढवला, सासऱ्यांना सांभाळलं, आणि घरात विज्ञानाचा झेंडा खाली पडू दिला नाही. मेघा पहिल्यांदा म्हणाली, "आई, मले बरं वाटत नाही," तेव्हा त्यांनी त्याच दुपारी फ्रीजच्या दारावर दिनक्रम लावला. पहाटे चालणं, भिजवलेले बदाम, प्राणायाम, आणि पाचवा महिना लागला की संध्याकाळी पोटाजवळ छोटा स्पीकर ठेवून बाळाला थोरामोठ्यांची भाषणं. बाळ तेव्हापासून ऐकतं, असं त्यांनी वाचलं होतं. बाळाची आई ऐकते का, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

"मी सांगू का?" भागीरथाबाईंनी पदर सारखा केला. मेघाची ही आई सकाळच्या बसने उमरेडहून आली होती. मांडीवर पिशवी होती, आणि पिशवीत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. "पोरीले नजर लागली. साफ दिसते. चेहरा पाहा न तिचा, कसा उतरला. मीठ-मोहऱ्या आणल्या म्या, सात मिरच्या आणल्या. पाच मिनिटाचं काम हाय."

दादाजी ताठ बसले. "विहीणबाई, मी छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षा घेतली. लहान होतो, पण मले सारं आठवते. या घरात मिरची फक्त भाजीत पडंन."

"तुमी खांद्यावर बसून घेतली तं घेतली," भागीरथाबाई म्हणाल्या, "माही पोरगी थोडी बसली होती खांद्यावर?"

"अंधश्रद्धेला या घरात थारा नाही," जयाबाईंनी शाळेतला आवाज लावला. "आम्ही विज्ञान मानतो."

"आन् पोटाले भोंगा लावून भाषण ऐकवता ते इग्यान हाय का? माह्या पोरीच्या पोटात लेकरू हाय का मतदार?"

दादाजींना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं. पण मायाआत्याने ती फट हेरली. वहिनीला चार माणसांत खाली पाहायला लावण्याची संधी तिने आजवर सोडली नव्हती. "वहिनी, भागीरथाबाईचं चूक नाही हं. भाषणानं रक्त वाढत नसते. पोरीत ताकदच नाही. हा डबा सुरू करा, दुधात दोन चमचे—"

"डबा नंतर द्या न, पयले नजर काढू द्या," भागीरथाबाई म्हणाल्या.

"हो हो, नजर काढून मंग डबा," मायाआत्याने तडजोड केली.

अशा रीतीने मोहरी आणि पावडर यांची युती झाली आणि विज्ञान एकटं पडलं. जयाबाई उत्तर जुळवत होत्या तेवढ्यात प्रीतम पुन्हा बोलला.

"चेकअपले गेलो होतो तं डॉक्टरबाईनं मले बाजूले बोलावलं. म्हणल्या, बाळ चांगलं आहे, पण आई चांगली नाही. मनाच्या डॉक्टरले दाखवा, उशीर करू नका. मी उद्याची अपॉइंटमेंट घेतली."

कूलर घरघरत राहिला.

"मनाच्या म्हंजे?" मायाआत्याने विचारलं.

"म्हंजे सायकॅट्रिस्ट."

आणि एका क्षणात युत्या मोडल्या, नव्या झाल्या. लग्नाच्या दिवसापासून एकमेकींच्या हातचं पाणीही गुण-दोष पाहून पिणाऱ्या दोन विहिणी पहिल्यांदाच एका बाजूला आल्या.

"पागलाच्या डॉक्टरकडं?" भागीरथाबाईंचा आवाज फाटला. "आमच्या सात पिढ्यांत कोणी पागल नाई. आन् पोट घेऊन तिथं बसवाची तिले? उमरेडले कळलं तं धाकटीचं लगन होईन का?"

"बरोबर आहे त्यांचं," जयाबाई म्हणाल्या. आपल्या तोंडून हे वाक्य निघालं याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

महिला दिनाच्या कार्यक्रमात जयाबाईंनी 'मानसिक आरोग्य: काळाची गरज' या विषयावर सविस्तर भाषण केलं होतं. मनाच्या आजाराची लाज कसली, ताप आला तर आपण लपवतो का, असा सवाल त्यांनी भरल्या सभागृहाला केला होता, टाळ्या पडल्या होत्या, शाल मिळाली होती. पण सभागृहातलं मन हे सर्वसाधारण मन होतं. ते कोणाच्या सुनेचं नव्हतं, त्याला हुडकेश्वरमध्ये घर नव्हतं आणि घराला गल्ली नव्हती. आता मात्र गल्ली आठवली, महिला मंडळाच्या बाया आठवल्या, आणि जयाबाईंच्या भीतीने झटकन एक शास्त्रीय कारण पांघरून घेतलं.

"त्या गोळ्यांचा बाळावर परिणाम होतो," त्या म्हणाल्या. "मी बाळाचा विचार करते आहे."

"आई, डॉक्टरले विचारू तं देशील? गोळ्या देतीनच असं कोण म्हणलं?"

"एकदा तो शिक्का बसला की पुसत नाही, प्रीतम."

"तं मंग मताले टाकू," दादाजी म्हणाले. अध्यक्षाला पेच पडला की तो मताला टाकतो. "उद्याची अपॉइंटमेंट रद्द करावी, या बाजूनं हात वर."

तीन हात वर झाले. त्यात जयाबाईंचा सगळ्यात उंच होता. वर्गात हात वर करायला शिकवण्यात हयात गेली होती.

"मेघाले विचारा न कोणी!" प्रीतम उठून उभा राहिला. "रात्र रात्र रडते ती, आत्या! उशी ओली होते!"

"अरे, तुले दाखवाले रडते!" मायाआत्या कूलरच्या वर ओरडली. "काही नाही झालं तिले! नवऱ्याले मुठीत ठेवाचं—"

लाइट गेली.

कूलर एक आचका देऊन बंद पडला. पंखा मंदावला. आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत, आवाज खाली घ्यायला वेळच न मिळालेलं मायाआत्याचं वाक्य स्वच्छ, खणखणीत पूर्ण झालं:

"—नाटक आहे सारं!"

कूलरच्या ताटीतून पाणी टपटपत राहिलं. आतल्या खोलीत पलंग करकरला, आणि मेघा दारात आली.

जयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रोजच पाहात होत्या. पण आज पाहिलं. पोट पुढे आलं होतं आणि बाकीची मेघा आत गेली होती. गळ्याची हाडं दिसत होती. केसांना कितीतरी दिवसांत कंगवा लागला नव्हता. आणि अंगातला गाऊन उलटा होता. शिवणी बाहेर, मानेमागची चिठ्ठी गळ्याखाली. मैदानाच्या त्या टोकाला एखाद्या पोराच्या शर्टाचं बटण चुकलं असलं तरी जयाबाईंना या टोकावरून दिसायचं. सुनेचा उलटा गाऊन सकाळपासून घरात फिरत होता, आणि त्यांना दिसला नव्हता.

"आत्या," मेघा म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त ऐकवत नव्हतं. "नाटक तं मी करून राहिली होती. तुमी बरोबर बोलल्या. पण ते दुसरं नाटक. सकाळी उठाचं, हो आई म्हणाचं, बदाम खाचे, कोणी आलं तं हसाचं. ते नाटक होतं. आता ते होत नाही माह्याच्यानं. थकली मी."

"बस न वं, बस पयले," भागीरथाबाई अर्धवट उठल्या.

"बाळ लाथ मारते तं सारे म्हणते, कसं वाटते? मले काहीच वाटत नाही. कोणाचं तरी सामान माह्याजवळ ठेवलं असं वाटते. मंग मनात येते, कशी माय आहे मी? सकाळी डोळे उघडले का पयला विचार येते, काहून उघडले? मी नसली तं याले कोणी चांगली माय भेटंन."

"असं बोलू नाई!" भागीरथाबाईंनी कानावर हात ठेवले. "तोंडातून असं काढू नाई, मेघा!"

"म्हणूनच नाही बोलली न, माय."

जयाबाईंच्या जिभेवर नेहमी एक वाक्य तयार असायचं. पालक रडत आले की, शिक्षक भांडत आले की, साहेब तपासणीला आले की. आता जे निघालं ते त्यांच्या शाळेतल्या भाषेत नव्हतं, माहेरच्या होतं.

"केव्हापासून होऊन राहिलं हे, बेटा?"

"तिसऱ्या महिन्यापासून. तुमाले सांगितलं होतं, आई."

सांगितलं होतं. त्या दुपारी. जयाबाईंनी ऐकलं होतं 'आळस' आणि लावला होता दिनक्रम. त्यांना फ्रीजच्या दिशेने पाहण्याचं धाडस झालं नाही. त्या उठल्या, मेघाजवळ गेल्या आणि काय करावं हे न कळून तिचा हात धरून उभ्या राहिल्या. मेघाने हात सोडवून घेतला नाही, घट्टही धरला नाही.

दादाजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "मतदान रद्द," ते म्हणाले. "ज्याचं दुखते त्याले न विचारता मत घेतलं. सभाच बेकायदेशीर होती. पोरी, तुले जायचं आहे का त्या डॉक्टरकडं?"

"हो."

"मंग झालं."

मायाआत्या जांभळा डबा हळूच पिशवीत परत घालत होती. झिपर अडकली. ती ओढत बसली, त्यामुळे तिला वर पाहावं लागलं नाही.

सोमवारी दवाखान्यात मेघाला प्रीतमसोबत जायचं होतं. प्रत्यक्षात मागच्या सीटवर दोन विहिणी आधीच बसलेल्या होत्या, आणि मोटारीमागे मायाआत्याची स्कूटी होती. दादाजींना घरी ठेवलं, कारण ते तिथेही अध्यक्ष झाले असते.

जयाबाईंनी पदर डोक्यावरून असा घेतला होता की नाकाचा शेंडाच काय तो दिसावा. खुर्च्या भरलेल्या होत्या. मुलं, म्हातारे, टाय लावलेला एक माणूस, कॉलेजातली पोरगी. यातलं कोणीच जयाबाईंच्या मनातल्या चित्रासारखं दिसत नव्हतं. समोर एक बाई मासिक उघडून बसली होती, चेहऱ्यापासून एका वितीवर. मासिक उलटं होतं. पान उलटताना चेहरा दिसला आणि जयाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. महिला दिनाला त्यांच्या खांद्यावर शाल घातली ती याच बाईंनी! दोघींनी एकमेकींना ओळखलं, आणि दोघींनी तत्काळ कोपऱ्यातल्या माशांच्या पेटीकडे नजर वळवली. त्यानंतर बराच वेळ शहरातल्या दोन जाणत्या स्त्रिया एका सोनेरी माशाचं निरीक्षण करत होत्या.

डॉक्टर प्रियदर्शनी तरुण होत्या, त्यांना सर्दी झाली होती, आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्यांना बाहेर काढलं. प्रीतमलाही. मेघा एकटी आत राहिली. कितीतरी वेळ. भागीरथाबाई दाराला कान लावायला गेल्या तेव्हा जयाबाईंनी त्यांना ओढून परत आणलं, आणि मग स्वतः जाऊन आल्या. दार जाड होतं.

शेवटी आत बोलावलं. मेघाचे डोळे सुजले होते, पण खांदे जरा खाली आले होते.

"मेघाची परवानगी घेऊन सांगते आहे," डॉक्टर रुमाल नाकाला लावत म्हणाल्या. "हिला डिप्रेशन आहे. गरोदरपणातलं. बऱ्याच बायकांना होतं, आणि बऱ्याच जणींचं कळतच नाही."

"पण मॅडम, थकवा, झोप, भूक... हे तर गरोदरपणात असतंच," जयाबाई म्हणाल्या.

"असतंच. म्हणून तर हा आजार त्याच्या आड लपतो. थकलेली बाई एखाद्या दिवशी तरी हसते, तिला काहीतरी खावंसं वाटतं, बाळाचं झबलं पाहून हात लावावासा वाटतो. हिला कशातच रस उरला नाही. एक-दोन दिवस नाही, आठवडेच्या आठवडे, जवळजवळ रोज. पहाटे जाग येते ती येतेच. डोकं चालत नाही, साधं काम सुचत नाही. सगळी चूक आपलीच वाटते. आणि आपण नसलेलंच बरं, असं वाटतं. हे सगळं एकत्र आलं की त्याला थकवा म्हणायचं नाही." त्या शिंकल्या. "सॉरी. दोन आठवड्यांवर असं चाललं तरी दाखवायला हवं होतं. तुम्ही फार थांबलात."

तेच दूध, तीच पोळी, तीच पहाट. काल सतरंजीवर सगळं मांडलेलं होतं, जयाबाईंना वाटलं. फक्त कोणी ओवलं नाही.

"कशानं झालं हो हे?" भागीरथाबाईंनी विचारलं. "म्या लहानपणी तिले मारलं होतं एकडाव."

"तुमच्यामुळे नाही. एकाच कारणाने नाही होत. शरीरात बदल होतात, नोकरी सुटली, एकटं वाटलं, कधी काहीच सापडत नाही. हिचा दोष नाही, एवढं धरा."

"आन् नजर?"

डॉक्टरांनी रुमाल खाली घेतला. "मावशी, तुमची नजर असू द्या तिच्यावर. काही दिवस तिला एकटं ठेवू नका. मनात तसे विचार जोर करायला लागले की मला फोन, नाहीतर सरळ दवाखाना. रात्र असो, काही असो."

औषधाचं विचारायला जयाबाईंना धीर करावा लागला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: दर आठवड्याला येऊन बोलायचं, शिवाय एक गोळी, कमी मात्रेत, बाळंतपणाच्या डॉक्टरांशी बोलूनच. गोळीचा धोका तोलून पाहिला आहे, आजार तसाच ठेवण्याचाही धोका असतो, आईला आणि बाळालाही. "निर्णय मेघाचा," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी मेघाकडे पाहिलं. या घरात इतक्या जणांनी एकदम गप्प बसून एखाद्याच्या उत्तराची वाट पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

"घेईन," मेघा म्हणाली.

"आणि आम्ही काय करायचं?" मायाआत्याने दारातूनच विचारलं. तिला आत यायचा धीर होत नव्हता.

"कमी बोला," डॉक्टर म्हणाल्या आणि पुन्हा शिंकल्या.

चहांदेंच्या घरासाठी गोळीपेक्षा हे औषध कडू होतं. भागीरथाबाई उमरेडला परत गेल्या नाहीत. हुडकेश्वरमध्येच मुक्काम ठोकला. दोन विहिणींमध्ये कोण जास्त गप्प राहतं याची चुरस लागली. एक पाण्याचा ग्लास ठेवून न बोलता बाहेर येई, की दुसरी उशी सारखी करून त्याहून न बोलता बाहेर येई. मग दोघी स्वयंपाकघरात दार लावून भांडत. कुजबुजत. जयाबाईंनी दिनक्रम फाडून टाकला. भागीरथाबाईंनी मिरच्या निमूटपणे फोडणीत टाकल्या. आपण 'नाटक' हा शब्द बोललोच नव्हतो, असं मायाआत्या म्हणू लागली. मग एके दिवशी येऊन मेघाच्या पायाशी बसली, काहीच म्हणाली नाही, आणि जाताना डबा न ठेवता गेली. तिच्या दृष्टीने ही माफीच होती.

मेघा लगेच बरी झाली नाही. सुरुवातीला मळमळ वाढली. एक दिवस बरा गेला की दोन वाईट जायचे, आणि त्या वाईट दिवसांत जयाबाईंना वाटे, फसलो, काही उपयोग नाही. मग एका सकाळी मेघाने तेलाची बाटली स्वतःहून आईपुढे ठेवली आणि पाठ करून बसली. भागीरथाबाई तेल घालता घालता रडत होत्या. मेघाला दिसत नव्हतं, आणि दारातून पाहणाऱ्या जयाबाईंनी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात तिने काजलचा, लकडगंजच्या दुकानातल्या मैत्रिणीचा, फोन उचलला. वरणात मीठ जास्त झालंय हेही तिने सांगितलं, आणि वरण जयाबाईंचं असूनही त्यांना राग आला नाही. आला, पण थोडा.

एक गोष्ट मात्र जयाबाईंना जमली नव्हती: आजाराचं नाव बाहेर सांगणं. दवाखान्यातून परतताना मोटारीतच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "कोणी विचारलं तर बीपी सांगायचं." त्यावर मात्र सभा झाली नव्हती, सगळ्यांना मान्य होतं. गल्लीला बीपी कळलं आणि गल्ली कामाला लागली. कोणी बिटाचा रस पाठवला, कोणी लसूण. शेजारच्या यमुताई तर दर दोन दिवसांनी फाटकाशी येऊन मिठावर व्याख्यान देऊन जात.

जूनमधल्या त्या सकाळीही त्या आल्या. ऊन तापायला लागलं होतं. जयाबाई फाटकाच्या आत, यमुताई बाहेर.

"कसं आहे वं बीपी सूनबाईचं?"

"आहे," जयाबाई म्हणाल्या. "वर-खाली होतं."

"मीठ बंद केलं न? पापडही नाही द्याचा. माह्या जावेची बहीण होती न, तिचं असंच—"

"काकू," खिडकीतून आवाज आला. मेघा आत खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. आवाज मोठा नव्हता, पण चोरटाही नव्हता. "बीपी चांगलं आहे माहं. मले डिप्रेशन झालं आहे. औषध चालू आहे, आता बरं वाटून राहिलं."

जयाबाईंचे कान तापले. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातली चादर तशीच धरून थांबली. जयाबाई आभाळ पडायची वाट पाहात राहिल्या. ते पडलं नाही. भाजीवाल्याने वांग्यांची हाळी दिली, आणि गच्चीवरच्या बाईने चादर झटकून दोरीवर टाकली.

"आणि आई," मेघाचा आवाज पुन्हा आला, थोडा चिडका, "त्याइले आत तं घ्या. उन्हात काहून उभ्या ठेवल्या?"

यमुताईंनी जयाबाईंकडे पाहिलं. "म्हंजे... ते मनाचं असते, ते?"

"हो," जयाबाई म्हणाल्या. "तेच."

"कसं असते वं ते? कळते कसं?"

जयाबाईंनी फाटकाची कडी काढली.

"सांगते," त्या म्हणाल्या. "या आत. पण मधात सल्ला नाही द्याचा."